दीड मीटर, तीन मीटर, सहा मीटर

सकाळी ६

हैदराबादच्या काचीगुड्यातून शादनगरच्या रस्त्याला लागायचं तर उजाडता उजाडता घर सोडलेलं बरं. आज कारखान्यात एका क्लबहाउसच्या कॉर्निसची आणि खिडक्यांच्या सिलची खेप तपासायची आहे. खेप पास झाली तर दुपारी ट्रक कोकापेटला लागेल. तिथे परांची बांधून तयार आहे आणि ठेकेदाराचे फोन कालपासून सुरू आहेत.

मी तपासते तो माल म्हणजे ओतीव दगड, साइटवरच्या बोलीत कास्ट स्टोन. पांढरं सिमेंट, संगमरवराची किंवा चुनखडीची बारीक चुरी, चाळलेली वाळू, थोडा लोह-ऑक्साइडचा रंग आणि बेताचं पाणी. साच्यात घालून त्याचे कंगोरे, कठड्याच्या खांबोळ्या, कमानीचे दगड करतात. तो घडीव दगडासारखा दिसतो आणि भिंतीवर दगडाचंच काम करतो. इमारतीवर चढण्याआधी तो बघणं आणि कागदावर सही करणं किंवा न करणं, ही माझी नोकरी.

रिक्षा काचीगुडा स्टेशनावरून जाते तेव्हा माझी मान आपोआप वर होते. वास्तुविशारद विन्सेंट एश यांनी आखलेलं, १९१६ सालचं हे स्टेशन. लांबून घुमट आणि मिनार दगडाचे वाटतात, पण ते काँक्रीटचे आहेत. या शहराला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. इथला दगड म्हणजे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट. इमारत उभी करायला तो उत्तम, पण नाजूक पाकळी कोरू म्हणाल तर छिन्नीला दाद देत नाही. म्हणून १५९१च्या चारमिनारवरची फुलं आणि कंगोरे चुन्यात घडवलेले आहेत. कुतुबशाही मकबऱ्यांवरही तसंच. तिथे आगाखान ट्रस्टने २०१३ पासून जतनाचं काम केलं, तेव्हा विसाव्या शतकात चोपडलेलं सिमेंट काढून पुन्हा चुना भरला. मराठवाड्यातल्या वाचकाने लांब जायलाही नको. औरंगाबादचा बिबी का मकबरा खालच्या अंगाला संगमरवरी आहे आणि वर घुमटापर्यंत बहुतेक सगळा चुन्याचा गिलावा. ज्या मुलखात हे सगळं शेकडो वर्षं उभं आहे, तिथे कुणी ओतीव दगडाला नकली दगड म्हटलं की मला वाईट वाटतं. तो त्याच्या परीने खरा असतो. फक्त तपासायला लागतो.

सकाळी ७.३०

शेडमध्ये ठोकणी सुरू झालेली असते. सुक्या ठोकणीचा माल इतका कोरडा असतो की मुठीत दाबला तर लाडू वळतो, पण तळव्याला पाणी लागत नाही. साच्यात थोडा थोडा घालून हवेच्या रॅमरने ठोकत जायचं, थरावर थर. तो घट्ट बसला की साचा त्याच वेळी सोडवता येतो आणि पृष्ठभाग चुनखडीच्या दगडासारखा, किंचित रवाळ येतो. दुसरी पद्धत ओली. तिच्यात पातळ माल व्हायब्रेटरवर बसवतात, साचा दुसऱ्या दिवशी खोलतात आणि वर आलेला सिमेंटचा पापुद्रा सौम्य आम्लाने धुतात. आमच्या कामाला सुकी पद्धत ठरलेली आहे.

नवीन इंजिनियर आला की तो तुकड्याच्या तोंडाकडे बघतो. मी आधी पाठ बघते. तोंडाकडच्या बाजूला कारखाना बारीक चाळलेला माल घालतो, तिथे हातही जास्त फिरलेला असतो. पाठीला मात्र सगळं उघडं असतं. दोन थरांमध्ये मध्येच चहाची सुट्टी झाली असेल तर तिथे आडवी रेघ दिसते. त्या रेघेवर पेनाच्या टोकाने खरवडलं आणि वाळू सुटायला लागली, तर तो तुकडा पुढून कितीही देखणा असो, उचलताना किंवा चार पावसाळ्यांनी तिथूनच जाणार. आज एका कोपऱ्याच्या दगडाला अशी रेघ सापडली. मिस्त्रीला दाखवली. त्याने स्वतः नखाने खरवडून बघितली, मान हलवली आणि काही न बोलता खडूने फुली मारली. या माणसाबद्दल मला आदर आहे तो यासाठी. पुरावा हातात दिला की तो वाद घालत नाही.

शेडच्या मागे क्युरिंग चालतं, तिथेही एक फेरी मारते. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. ते पांढऱ्या मालावर रोज मारत राहिलं तर वाळल्यावर खार फुटतो. ओलं गोणपाट अंगाला लागून राहिलं तर त्याचा पिवळसर डाग पडतो, आणि प्लॅस्टिकचा कागद जिथे चिकटला तिथे ढगाळ ठिपके उठतात. हे तीन उपद्रव टाळायला पैसा फारसा लागत नाही. कागद फळ्यांवर ताणून तंबूसारखा उभा करायचा आणि आत वाफ कोंडू द्यायची, एवढंच. इथे आता तसं करतात.

सकाळी ८.३०

ऊन अजून तिरपं आहे तोवर मोजमाप उरकून घेते. तिरप्या उजेडात प्रत्येक बारीक उंचवट्याला लांब सावली पडते. चांगला तुकडाही खडबडीत वाटतो, म्हणून रंग-रूपाचा निवाडा या वेळी करू नये. बाक आणि पीळ मात्र याच वेळी उघडे पडतात.

हिशेब सोपा आहे. आमच्या टेंडरला अमेरिकेचं एएसटीएम सी १३६४ हे मानक लावलेलं आहे. आडव्या छेदात ३ मिमी इकडेतिकडे चालतात. लांबीत, लांबीचा ३६०वा भाग किंवा ३ मिमी, यांतलं जे जास्त असेल ते. पण ६ मिमीच्या पुढे नाही. म्हणजे १.२ मीटरच्या कॉर्निसला ३.३ मिमी. बाक आणि पीळ यांनाही तसंच माप. ३ मिमी एवढ्यासाठी की सांधा १० मिमीचा आहे. एक तुकडा ५ मिमीने लांब आणि शेजारचाही तसाच निघाला, तर भिंतीवरचा सांधा निम्मा होतो. कंगोऱ्याच्या छेदात चूक असली तर आणखी वाईट. सांध्यावर सावलीची रेघ तुटते, आणि ती रेघ रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते.

टेप, गुनिया, सरळ पट्टी आणि फीलर गेज एवढ्यात हे काम होतं. मग बाटलीभर पाणी घेते.

सिलच्या वरच्या अंगाला बाहेर उतार हवा, बारास एक. १५० मिमी रुंद सिलला साडेबारा मिमी. आणि पोटाला, पुढच्या कडेपासून थोडं आत, ड्रिपची खाच हवी. पाणी कडेवरून वळून पोटाखालून भिंतीकडे यायला बघतं, खाचेपाशी त्याला पुढे जाता येत नाही आणि थेंब होऊन खाली पडतं. नकाशात ती खाच म्हणजे एवढीशी अर्धगोल रेघ. पण भिंतीचं आयुष्य तिच्यावर आहे. म्हणून मी सिल दोन ठोकळ्यांवर, भिंतीत बसेल तशी ठेवायला लावते आणि वरून पाणी सोडून खाली वाकून बघते. आज एका सिलला पाणी मधल्या भागात नीट तुटलं, पण उजव्या टोकाला वीतभर लांबीत पोटाला चिकटून मागे आलं. बोट फिरवलं तर खाच तिथे गुळगुळीत भरलेली. झालं असं होतं की साचा काढताना कडेचा टवका उडाला होता आणि रात्रपाळीत कुणीतरी तो चांगल्या हाताने भरला होता. रंग जुळलेला, कड सरळ. सहा मीटरवरून काय, सहा इंचांवरूनही दुरुस्ती कळली नसती. भरताना खाचही भरली गेली, एवढंच. मी ती सिल नापास केली नाही. डायमंड ब्लेडने खाच पुन्हा मोकळी करा, पाण्याने दाखवा आणि पाठवा, असं लिहिलं. तासाभरात ती करूनही आली.

सकाळी १०.३०

आता ऊन वर आलं. अंगणात चुन्याने तीन रेघा मारलेल्या आहेत: दीड मीटर, तीन मीटर, सहा मीटर. हा आमच्या कामाचा गाभा.

दीड मीटरवरून हवेची भोकं बघायची. ०.८ मिमीपेक्षा मोठी भोकं नकोत, लहान असली तरी चौरस इंचात तीनपेक्षा कमी हवीत, आणि या अंतरावरून भर उजेडात ती डोळ्यांत भरता कामा नयेत. तीन मीटरवरून पोत आणि रंग बघायचा, शेजारी मंजूर नमुना ठेवून. सहा मीटरवरून वाहतुकीत उडालेले बारीक टवके बघायचे. ते तिथून जाणवत नसतील तर तेवढ्यावरून माल परत पाठवता येत नाही.

ही अंतरं मला फार न्याय्य वाटतात. ती दोन्ही बाजूंना बांधतात. कारखानदाराला सांगतात की जवळून भोकं दिसली तर सबब नाही. तपासणाऱ्याला सांगतात की तीन मीटरवरून बघायची गोष्ट नाक लावून बघू नकोस. रेघा नसल्या की तपासणी मर्जीवर जाते, आणि मर्जी ज्याच्या हातात पैसे असतात त्याची चालते.

नमुनाही तसाच. आमच्या नमुन्याच्या पाठीवर आर्किटेक्ट, मालक आणि कारखाना या तिघांच्या सह्या आहेत, एकाच तारखेच्या. शिवाय एक नमुना नाही, तीन आहेत: चालेल तेवढा फिका, मधला आणि चालेल तेवढा गडद. एकच नमुना मंजूर केला की पुढचा प्रत्येक तुकडा त्याच्याशी ताडून भांडण होतं, कारण चुरीचा ढीग बदलला तरी छटा किंचित हलते. तीन असले की भांडायला जागा उरत नाही.

तरी आज भांडण झालंच. मालकाच्या प्रतिनिधीने एका ओळीतले अकरा तुकडे दाखवले. गडद नमुन्यापेक्षाही गडद, म्हणाला, सगळे परत करा. दिसायला तो खरं बोलत होता. मिस्त्री पुढे आला.

"कैकू रिजेक्ट, साब? कल शाम को पानी में थे ये. सुकने देव, फिर देखो."

मी पाठीवर हात ठेवून बघितला. गार लागली. शेजारचे वाळलेले तुकडे एव्हाना कोमट झाले होते. ओला सिमेंटचा माल गडद दिसतो आणि वरून वाळला तरी आतली ओल निघायला दिवस लागतात. मी त्या अकरांवर खडूने ‘होल्ड’ लिहिलं. पास नाहीत, नापासही नाहीत. पूर्ण वाळल्यावर तीन मीटरच्या रेघेवरून पुन्हा बघायचं, आणि तरी एकमत झालं नाही तर रंग मोजायचं यंत्र लावायचं. त्यात एकूण फरक ६ एककांच्या आत हवा आणि छटेतला फरक २च्या आत. प्रतिनिधीला हे आवडलं नाही. पण इथे ठोकणीवाल्यांना नगावर पैसे मिळतात आणि नापास नगाचे मिळत नाहीत. ओल्या दगडाला गडद म्हणून त्यांची मजुरी कापणं मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप केसासारख्या चिरांचा. ओलं फडकं फिरवलं की वाळताना काही तुकड्यांवर कोळिष्टकासारखं जाळं उमटतं. सिमेंटच्या अगदी वरच्या थराचं ते आकसणं. मानक स्पष्ट सांगतं की अशा जाळ्यावरून किंवा खार फुटल्यावरून माल नाकारता येत नाही. खरी चीर वेगळी. ती एकटी असते, तिला दिशा असते, ती कडेवरून वळते आणि पाठीला सापडते. जाळं दिसलं म्हणून नापास करणारे आणि चीर दिसूनही जाळं म्हणून सोडणारे, दोन्ही मी पाहिलेत. दुसऱ्यांमुळे माणसाच्या डोक्यावर दगड पडू शकतो. फडकं ओलं करून पाठ बघायला एक मिनिट लागतं.

दुपारी १

डबा गाडीत. लॅबमध्ये दोन आकडे घ्यायचे होते. दर ५०० घनफूट मालामागे नमुने काढतो, त्यांतून दोन इंची घन कापतो. २८ दिवसांची ताकद किमान ४५ मेगापास्कल हवी. तो आकडा क्वचितच अडवतो. मला जास्त काळजी पाणी शोषण्याची असते. घन भट्टीत पूर्ण वाळवून तोलायचा, चोवीस तास गार पाण्यात ठेवायचा, पुसून पुन्हा तोलायचा. आजचा घन कोरडा २६८ ग्रॅम, भिजून २८१. म्हणजे ४.९ टक्के. मर्यादा ६ची.

आपल्याकडे हीच चाचणी महत्त्वाची, कारण जून ते सप्टेंबर जो दगड पाणी पितो तो दिवाळीपर्यंत काळा-हिरवा पडतो. याच मानकात गोठण-वितळणीची ३०० फेऱ्यांची चाचणीही आहे. थंड देशांत ती दगडाचा जीव की प्राण, हैदराबादेत तिचा उपयोग नाही. पण टेंडर जसंच्या तसं उतरवलेलं असलं की तीही कलमात येते. काही जण तिच्याकडे गुपचूप काणाडोळा करतात. मी सुरुवातीलाच पत्र लिहून ती वगळून घेते. एक कलम न सांगता सोडलं की दुसरं सोडायला कारण मिळतं.

दुपारी ३

कोकापेट. ट्रक माझ्या आधी आला आणि हायड्रा क्रेन पट्टा लावून उभी. ठेकेदाराला माल थेट परांचीवर चढवायचा आहे. नाही. आधी उतरवायचा, चलानवरचे क्रमांक तुकड्यांच्या पाठीवरच्या क्रमांकांशी जुळवायचे, मग सहा मीटरवरून बघायचं. कारखान्यात पास झालेला माल साइटवर पुन्हा बघायचा असतो, कारण मधल्या रस्त्याला जबाबदार कोण हे तिथेच ठरतं. एका कॉर्निसची कड पट्ट्याखाली चेपली होती. पट्ट्याखाली रबर नव्हतं. ड्रायव्हरच्या समोर फोटो काढला आणि चलानवर नोंद करून दोघांच्या सह्या घेतल्या.

उतरवलेला माल कुठे ठेवायचा यावर थोडी ओरड करावी लागली. इथली माती लाल. पहिल्या सरीला ती उडते आणि पांढऱ्या दगडात जी बसते ती निघत नाही. ओल्या लाकडी पट्ट्याही तपकिरी डाग सोडतात. म्हणून जमिनीपासून वर, मध्ये प्लॅस्टिकचे तुकडे घालून, वरून झाकून.

सायंकाळी ५

परांचीवर, कालच्या तुकड्यांपाशी. ओतीव दगड चांगला असून इमारत खराब होते ती बहुतेक इथे. कोपिंगचे आणि बाहेर आलेल्या कॉर्निसचे उभे सांधे गवंडी सवयीने मसाल्याने भरतात. उन्हाने दगड फुगतो-आकसतो, मसाला एका बाजूने सुटतो आणि त्या फटीतून पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर उतरतं. हे सांधे मोकळे ठेवून मागे फोमची दोरी आणि पुढे सीलंट भरायचं असतं. कालचे चार सांधे मसाल्याने भरलेले सापडले. अजून कच्चे होते. गवंडी ओडिशाचा, हात सफाईदार. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नकाशातला तपशील इंग्रजीत, ऑफिसच्या फाइलमध्ये. मी खडूने भिंतीवरच सांधा काढून दाखवला, दोरी कुठे आणि सीलंट कुठे. त्याने लगेच सळईने मसाला उकरायला घेतला. दगड जागी धरणारे डॉवेल स्टेनलेसचे आहेत का हे चुंबक न लावता डब्यावरच्या शिक्क्यावरून आणि टेस्ट सर्टिफिकेटवरून बघितलं, कारण वाकवलेलं स्टेनलेसही चुंबकाला थोडं धरतं आणि उगाच गैरसमज होतो.

सायंकाळी ७

अहवाल मी त्याच दिवशी लिहिते. ‘फिनिश समाधानकारक नाही’ असं वाक्य मी लिहीत नाही, आणि हाताखालच्यांनी लिहिलं तर परत करते. त्या वाक्यावरून कारखान्यातल्या माणसाला उद्या काय वेगळं करायचं ते कळत नाही. तुकड्याचा क्रमांक, काय मोजलं, किती निघालं, किती चाललं असतं आणि पुढे काय करायचं, एवढं प्रत्येक ओळीत हवं. कोपऱ्याचा एक दगड: पाठीला थर सुटलेला, नापास, नवा ओतावा. एक सिल: खाच बंद होती, मोकळी केली, पाण्याने तपासली, पास. अकरा कॉर्निस: ओले, होल्ड, शुक्रवारी साडेदहाला तिन्ही पक्षांसमोर. एक कॉर्निस: वाहतुकीत कड चेपली, दुरुस्ती साइटवर कारखान्याच्या माणसाकडून, नंतर सहा मीटरवरून पुन्हा पाहणी. चार सांधे: मसाला काढला, सीलंट बाकी. उरलेली खेप पास.

मालकाच्या प्रतिनिधीचा फोन आला. त्या अकरांपैकी निदान निम्मे आजच नापास दाखवा, म्हणजे कारखाना दबावात राहील. मी म्हटलं, शुक्रवारी या, आपण दोघं एकाच रेघेवर उभं राहू, आणि तेव्हा गडद दिसले तर नापासाची पहिली सही माझी. मिस्त्रीलाही निरोप धाडला की तोवर त्या तुकड्यांवर पाणी मारू नका, आणि झाकूही नका.